दाखल्याच्या मागची कोरी बाजू

मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते, तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते? एक दाखला जातो. त्यावर मुलाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, अभ्यासातील प्रगती 'समाधानकारक', वर्तणूक 'चांगली', शाळा सोडण्याचे कारण 'पुढील शिक्षणासाठी'. खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. सात वर्षे एका इमारतीत घालवलेल्या मुलाबद्दल तिथल्या माणसांना जे जे कळलेले असते, त्यातले एवढेच पुढे जाते. कागदाची मागची बाजू कोरी असते. बहुतेक मुलांचे त्यावाचून काही अडत नाही. आठ दिवस बावरतात, मग नवे मित्र मिळतात आणि जुनी शाळा आठवणीत जमा होते. स्वमग्न मुलाचे मात्र नेमके या कोऱ्या बाजूपाशीच अडते.

'स्वमग्न' हा शब्द मला कधी आवडलेला नाही. मराठीत कवी स्वमग्न असतो, चित्रकार स्वमग्न असतो. त्या शब्दाला एक सुखाची, थोडी ऐटीची छटा आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांविषयी जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी 'ऑटिझम' हा शब्द वापरला. तो ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने आधी वेगळ्याच आजाराच्या संदर्भात घडवला होता. आपण त्याचे भाषांतर केले आणि मूळ शब्दातली गफलतही घरात घेतली. कानडीत 'स्वलीनते' म्हणतात, तीच गत. दोन्ही शब्द ऐकून वाटते की मूल स्वतःत बुडाले आहे. अशा मुलांच्या आयांना विचारा. त्या सांगतील की पोराला बाहेरचे जग जरा जास्तच टोचते. ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा गजर, शर्टाच्या कॉलरमागची पट्टी, हे सगळे एकाच वेळी आणि सारख्याच जोराने त्याच्यावर आदळत असते. असो. शब्द रुळला आहे, मीही तोच वापरतो.

अशा मुलाला शाळा जमते ती सवयीने. रोज तीच वाट, तोच बाक, डबा उघडायची तीच वेळ. घंटा व्हायच्या आधी गुरुजी त्याच्या बाकावर नुसते बोट टेकवतात. त्याला कळते की आता मोठा आवाज होणार. जेवणाच्या रांगेत तो शेवटी उभा राहतो, कारण मागून कुणाचा धक्का लागला की तो किंचाळतो. 'चित्र काढ' म्हटले तर काढत नाही, पण खडू पुढे ठेवून आपण गप्प राहिलो की काढतो. ही विद्या डी.एड.च्या वर्गात मिळत नाही. कुणा गुरुजींना, कुणा बाईंना दोन-तीन वर्षे धडपडून ती सापडलेली असते. मग निकाल लागतो, मूल पुढे जाते आणि विद्या मागे राहते. नवे शिक्षक पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. त्यात अर्धे वर्ष जाते, आणि त्या अर्ध्या वर्षात एखाद्या घरी असेही ठरते की आता याला शाळेत पाठवायला नको.

हे सगळीकडचेच आहे. पण मला आज ज्या भागाविषयी लिहायचे आहे, तिथे त्याला आणखी एक पीळ पडतो.

सीमाभाग म्हटला की आम्हा गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे बेळगाव येते, कारवार येते. खानापूरची बस येते. बिदर येत नाही. वास्तविक बिदर जिल्ह्यातले औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतला आळंद या तालुक्यांत मराठी घराघरांत बोलली जाते. हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले; उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात; जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. माणसे जागच्या जागी राहिली आणि तालुक्यांची सरकारे बदलली. महाराष्ट्राने २००४ साली लावलेला सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात मी शिरत नाही. न्यायालयाचा निकाल काहीही लागो, यंदा सातवी पास झालेल्या मुलाला यंदाच आठवीत बसायचे आहे.

बिदर शहराजवळ कोळार नावाचे गाव आहे. सोन्याच्या खाणींचे कोलार ते नव्हे. ते राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पार आग्नेयेला. हे कोळार तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे लोकांना ठाऊक. अशा गावातले एक मराठी घर डोळ्यांपुढे आणू या. बाप कारखान्यात, आई घरी, आजी देवळात. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, स्वमग्न, बोलतो थोडे, पण आकडे पक्के. कर्नाटकात पहिली ते सातवी ही उच्च प्राथमिक शाळा आणि आठवीपासून हायस्कूल. म्हणजे सातवीनंतर इमारत बदलते, वाट बदलते, एका गुरुजींच्या जागी विषयागणिक सहा-सात शिक्षक येतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा, हजेरी घ्यायची तऱ्हा वेगळी. शिवाय मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा जवळपास असली, तरी मराठी माध्यमाचे हायस्कूल हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. मग भाषाही बदलते. ज्या मुलाला डब्याचे झाकण बदललेले खपत नाही, त्याचे एका सोमवारी सगळेच बदलते.

गोव्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मुले चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकली आणि पाचवीत गेल्यावर एकदम इंग्रजीत पडली. आपल्यापैकी कित्येकांना त्या पाचवीच्या पहिल्या सहामाहीतला मुकेपणा अजून आठवत असेल. हुशार म्हणून नावाजलेली मुले त्या वर्षी शेवटच्या बाकावर गेली. आपण त्यातून निभावलो, कारण शेजारचा मुलगा काय करतो ते बघून आपल्याला अर्धे समजत होते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून अर्थ काढणे, सगळे उभे राहिले की आपण उभे राहणे, हीच तर आपली शिडी होती. स्वमग्न मुलाला नेमकी तीच शिडी सहज लागत नाही.

यावर एक झटपट सल्ला दिला जातो आणि तो बिदरपासून पणजीपर्यंत सारखाच आहे: 'घरी एकच भाषा बोला. मराठी सोडा, शाळेची भाषा धरा.' सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो, पण त्याला आधार नाही. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांचा अनेक देशांत अभ्यास झाला आहे आणि दोन भाषांमुळे त्यांचे बोलणे आणखी मागे पडते असे त्यातून दिसलेले नाही. नुकसान होते ते वेगळेच. आई मोडक्या कानडीत किंवा पाठ केलेल्या इंग्रजीत बोलू लागते, आजी बोलायचीच थांबते, आणि मुळात कमी असलेला संवाद आणखी आटतो. ज्या भाषेत आई रागावू शकते, लाडावू शकते, ओवी म्हणू शकते, ती भाषा मुलाकडून काढून घ्यायची नसते. बिदरकडच्या पोरांना तर दोन भाषांचेही अप्रूप नाही. तिथे एकाच दुकानात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू चालते. एखादे मूल पाणी मराठीत मागेल आणि आकडे कानडीत मोजेल. मोजू द्यावेत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले, त्यांत तो आहे. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. एरवी मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वयापर्यंतचा. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला तो अठरापर्यंत आहे. म्हणजे कागदावर आठवीनंतरचे दार उघडे आहे.

याच कायद्याच्या सतराव्या कलमात एक तरतूद आहे, ती सीमाभागाच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्यासाठी अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करावेत, असे ते कलम सांगते. तरतूद चांगली आहे. पण ती लिहिणाऱ्याने असे गृहीत धरलेले दिसते की मुलाची पहिली भाषा ही त्याच्या घरचीच भाषा असणार. कोळारच्या आपल्या मुलाला कानडी हायस्कुलात जावे लागले आणि तिथे कानडी हीच त्याची पहिली भाषा ठरली, तर सूट कशातून मिळणार? दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून. जी भाषा त्याला येते ती शाळेतून जाईल आणि जी येत नाही ती उरेल. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कानडी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे, तेव्हा हा प्रश्न कुणाला तरी, केव्हा तरी सोडवावाच लागेल.

माझे मत इथे मराठी बाण्याच्या मंडळींना कदाचित रुचणार नाही. सूट परीक्षेपुरती असावी, भाषेपुरती नसावी. या मुलाला कानडीचा पेपर लिहायला लावू नये, हे खरे. पण बसचा कंडक्टर कानडी बोलतो, तलाठी कानडी बोलतो, उद्या ज्या कारखान्यात तो काम मागेल तिथला मुकादम कदाचित कानडीच बोलेल. 'माझे नाव अमुक', 'मला कोळारला उतरायचे आहे', 'आवाज नको', एवढी कानडी त्याला आलीच पाहिजे. ती व्याकरणाच्या तासाला येणार नाही, बसमध्ये येईल. अस्मितेच्या भरात त्याला ती शिकवली नाही, तर त्याचे जग घराच्या उंबरठ्यापाशी थांबेल.

आता मूळ मुद्द्याकडे. दाखल्याच्या मागच्या बाजूवर कुणी काय लिहायचे?

लंडनमध्ये विल्यम मँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी एक पद्धत आखून पाहिली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पद्धत ऐकायला अगदी साधी आहे: जुन्या शाळेने मुलाची ताकद आणि अडचणी व्यवस्थित मांडायच्या, आईवडिलांना सोबत घेऊन पुढचा बेत आखायचा, आणि तो नव्या शाळेच्या हाती वेळेत द्यायचा. अशी मुले नव्या शाळेत गेल्यावर त्यांच्या भावनिक आणि वागणुकीच्या अडचणी कमी झाल्याचे शिक्षकांच्या नोंदींतून दिसले. अभ्यास छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण त्यात यंत्रे नव्हती की औषधे नव्हती. माणसांनी एकमेकांशी वेळेवर बोलायचे होते.

लंडनचे कोळारला कसे चालेल, असे कुणी म्हणेल, तर आपल्या घरचेच उदाहरण देतो. गोव्यातली 'संगाथ' संस्था १९९६ पासून काम करते आहे. संगाथने गोव्यात आणि त्याच वेळी दुसऱ्या गटाने पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक प्रयोग केला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या स्वमग्न मुलांच्या घरी जात आणि आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधावा ते दाखवत. हे निष्कर्षही २०१६ चेच. आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मूल स्वतःहून संवाद सुरू करू लागले, असे त्यात दिसले. आजार बरा झाला वगैरे दावा कुणी केला नाही. मला यातले महत्त्वाचे वाटते ते असे की शहाणपण डॉक्टरच्या केबिनमधून बाहेर काढून गावातल्या शिकाऊ माणसाच्या हाती देता येते. बिदरच्या गावांत तज्ज्ञ नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचे कारण उरत नाही.

मग बसायचे कुणी? जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षेची घाई सुरू होण्याआधी, सातवीचे गुरुजी, हायस्कूलमधले एक शिक्षक, तालुक्याच्या गटकेंद्रातले विशेष शिक्षक आणि मुलाची आई यांनी एका बाकाभोवती बसावे. आजी येत असेल तर उत्तम; पोराच्या खोड्या तिला जास्त ठाऊक असतात. दुपारचे जेवण, ज्याला तिकडे बिसियूट म्हणतात, ते शिजवणाऱ्या बाईंनाही बोलवावे. हे मी गमतीने लिहीत नाही. जेवणाची वेळ ही अशा मुलाची दिवसातली सगळ्यात अवघड वेळ असते. गर्दी, वाफ, भांड्यांचा आवाज, सांबाराचा वास आणि मागून येणारा धक्का, सगळे एकत्र. त्याला कुठल्या ताटात चालते आणि भातावर वरण ओतले तर तो का उठून जातो, हे त्या बाईंना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त कळते.

त्यांनी मिळून एक पान लिहावे. एकच. जाड फाइल कुणी वाचत नाही. तो कशाला घाबरतो, घाबरला की काय करतो, शांत कशाने होतो, नको असले तर कसे सांगतो, लघवीला जायचे असेल तर कुठला शब्द वापरतो, कुठल्या भाषेत मोजतो, कोण त्याचा सोबती. आणि त्याला काय येते! हे शेवटचे बहुधा राहूनच जाते. मग मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोन-तीनदा नव्या शाळेत जाऊन यावे, एकदा शाळा रिकामी असताना आणि एकदा भरलेली असताना. फाटकाचा, वर्गाचा, नळाचा, मुतारीचा फोटो मोबाइलवर काढून घरी सुट्टीभर दाखवावा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७२ साली टीच नावाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याचे एक मुख्य सूत्रच असे की या मुलांना पुढे काय होणार ते डोळ्यांना दिसू द्या. त्यासाठी आज महागडे साहित्य लागत नाही, आईचा फोन पुरतो.

पण पान कुठल्या भाषेत? इथे सीमाभागाचा खरा घोळ आहे. बिदरच्या माणसाला मोठ्या तपासणीसाठी हैदराबाद-सिकंदराबादच जवळचे. बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादेतच, १९८४ पासून, आणि बेंगळुरूच्या निम्हान्सला जायचे तर पुरी रात्र प्रवास. म्हणजे तपासणीचा अहवाल तेलंगणातून, इंग्रजीत. शाळेचा कारभार कानडीत. आई मराठी. एकाच मुलाविषयी तीन भाषांत तीन कागद आणि कुणालाच तिन्ही वाचता येत नाहीत. आता बोला! म्हणून ते पान एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कानडीत हवे. आणि हे करणे बिदरला जितके सोपे आहे तितके पुण्यातही नाही, कारण तिथे दोन्ही भाषा अस्खलित बोलणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. सीमाभागाकडे आपण नेहमी अन्यायाच्या नजरेने पाहतो. तिथल्या माणसाच्या तोंडात तीन भाषा आहेत ही त्याची श्रीमंतीही आहे, आणि या कामी तीच उपयोगी पडेल.

काही घरे मुलाला मराठीसाठी उदगीरला पाठवण्याचा विचार करतील. बिदर, भालकी, कमलनगर, उदगीर हा एकच रेल्वेमार्ग, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पण मधे राज्याची हद्द आहे. कर्नाटकातल्या तालुक्याचे विशेष शिक्षक हद्दीपलीकडे त्याची विचारपूस करणार नाहीत आणि महाराष्ट्रातल्या गटकेंद्राला तो आल्याचे कुणी कळवलेले नसेल. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र देशभर चालते. मुलाची माहिती मात्र कमलनगरच्या पुढे जात नाही. दोन्ही राज्ये सीमाप्रश्नावर वकिलांना जी फी देतात, त्यातल्या एका दिवसाच्या फीमध्ये दोन गटकेंद्रांच्या माणसांची वर्षातून एकदा भेट घडवता येईल, असे माझ्या मनात येते.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. आईबाप म्हणतील, नव्या शाळेत तरी पोराला कोऱ्या पाटीने जाऊ द्या. तुमचे हे पान पुढे गेले की त्याच्या कपाळी शिक्का बसेल, मुले चिडवतील, बहिणीच्या लग्नात कुणीतरी ते उकरून काढील. ही भीती खोटी नाही. म्हणून ते पान आईबापांच्या मालकीचे असावे, शाळेच्या रजिस्टरचे नसावे. त्यावर आजाराचे नाव लिहिण्याचीही गरज नाही. 'घंटेआधी सांगावे' हे कळायला ऑटिझम हा शब्द कशाला लागतो? नको वाटले तर त्यांनी ते देऊ नये. पण शिक्का पानावाचूनही बसतोच. आठवीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा किंचाळत वर्गाबाहेर पळाला की बसतो, आणि तेव्हा बसलेला शिक्का 'वेडा' असा असतो.

शिक्षकांवरच्या ओझ्याचा आक्षेपही येईल. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, आता हे. ओझे आहे, मान्य. पण हे एक पान लिहायला लागणारा वेळ आणि ते नसल्यामुळे नव्या शिक्षकाचे जाणारे सहा महिने यांचा हिशेब कुणीही करावा.

गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला. मांडवीकाठी दिव्यांगांचा एवढा मोठा उत्सव होतो याचा मला अभिमान आहे. पण उत्सवाच्या मंडपात सगळेच प्रेमळ असतात. मला कुतूहल आहे ते आपल्या चौथीतल्या मुलांचे. पेडण्यातली, सत्तरीतली, काणकोणातली एखादी स्वमग्न मुलगी मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी शाळेत जाते, तेव्हा तिच्या चौथीच्या बाईंना पाचवीचे सर एकदा तरी फोन करतात का? कोळारच्या मुलासाठी मी जे मागतो आहे, ते तिच्यासाठीही तेवढेच लागू आहे, आणि त्यासाठी हद्द ओलांडायचीही गरज नाही. बहुतेक ठिकाणी त्या दोन शाळा एकाच रस्त्यावर आहेत.